फक्त माझ्यातच वाजणारं मंगलाष्टक

मी एमपीथ्री प्लेअर बोलतोय. ऐकू येत नसेल तर वायर जरा फिरवून बघा. डावीकडची वायर थोडी ढिली आहे. ती हलली की एका कानात गाणं आणि दुसऱ्या कानात शांतता, असं होतं. माझा नाइलाज आहे.

मी निळा आहे, आगपेटीएवढा. जन्म चीनचा. पाठीवर ‘चार जीबी’ असं छापलेलं आहे, पण पोटात जागा अर्ध्या जीबीचीही नाही. छापताना मला कोणी विचारलं नव्हतं. डब्यावर लिहिलं होतं, ‘सर्व प्रकारची गाणी वाजवतो.’ तेही तसंच. मी वाजवतो फक्त एमपीथ्री. माणसांच्या जशा भाषा, तसे गाण्यांचे फॉरमॅट. मराठी माणसासमोर कोणी तेलुगूत रडलं तर तो बिचारा काय करणार? तोंडाकडे बघत राहणार. माझंही तेच. अनोळखी फॉरमॅटचं गाणं समोर आलं की माझ्या इवल्याशा पडद्यावर ‘फॉरमॅट एरर’ अशी अक्षरं उमटतात आणि मी पुढच्या गाण्याकडे सरकतो.

चीनहून मी आलो तो थेट चामोर्शीला, आकिबच्या दुकानात. आकिब मोबाईल दुरुस्त करायचा, कॉम्प्युटरवरून गाणी भरून द्यायचा. २००६ साली महाशिवरात्रीला त्याने मार्कंड्याच्या जत्रेत टेबल मांडलं. एका बाजूला बांगड्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला गरम भजी, आणि मध्ये आम्ही पाच-सहा जण रंगीत कपड्यावर उताणे पडलेलो. भज्यांच्या तेलाचा एक थेंब माझ्या पडद्यावर उडाला, तो डाग अजून आहे.

तिथे भैयाजी आले. चामोर्शीजवळच्याच एका गावचे शेतकरी. धान आणि हरभरा पिकवायचे, आणि नवी वस्तू दिसली की हात लावल्याशिवाय पुढे जायचे नाहीत.

“हे काय हाये गा, आकिब?”

“भैयाजीभाऊ, याच्यात शंभर गाणे येतात.”

“याच्यात?” त्यांनी मला तळहातावर घेऊन तोललं. “याच्यात तं धानाचे शंभर दाणे नाई मावत!”

आकिबने माझी वायर त्यांच्या कानात घातली आणि बटण दाबलं. भैयाजी दचकले, मागे वळून बँड शोधू लागले. मग माझ्याकडे बघून हसले आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की भजीवाल्याचा झारा हातातून पडला. “वाजते ना बापा!”

कानात वायर घातली की माणूस ओरडून बोलतो. मी पुढे अनेक कान पाहिले, पण हा नियम मोडणारा कोणी भेटला नाही.

मला घेतलं होतं रंजीतासाठी. रंजीता भैयाजींची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ठरलं होतं, मे महिन्यातलं. पण पहिले काही दिवस मी तिच्या हाती लागलोच नाही. भैयाजी मला गळ्यात अडकवून शेतात न्यायचे. मी त्यांच्या कानात गायचो आणि ते माझ्यासोबत बाहेर गायचे. मी सुरात असायचो. ते ज्या सुरात असायचे त्याला अजून नाव पडलेलं नाही. बैल उभे राहायचे आणि मान वळवून बघायचे.

एके दिवशी ते घरी आले ते वैतागूनच. “रंजीता, हा एरर नावाचा गायक कोण हाये वो? दर चार गाण्यांनंतर त्याचं नाव येते. पण गात तं कधीच नाई!”

रंजीता हसता हसता ओसरीवरच बसली. तिने समजावलं की आकिबने काही गाणी दुसऱ्याच फॉरमॅटमध्ये भरली आहेत, ती याच्यात चालत नाहीत. भैयाजींना ते पटलं नाही. “गाणं हाये ना? मंग गाणं म्हणजे गाणं,” ते म्हणाले आणि त्यांनी मला तिच्या हवाली केलं.

डब्यात माझ्यासोबत एक छोटी चकचकीत सीडीही आली होती. तिचं काय करायचं ते कोणालाच कळलं नाही. भैयाजींनी ती हरभऱ्यात काठीला टांगली. पोपट तिला बघून पळायचे. मला वाटलं, चला, तिचं तरी आयुष्य सार्थकी लागलं.

आता इंदुताईंबद्दल सांगायला हवं.

इंदुताई भैयाजींची मोठी बहीण, रंजीताची आत्या. भामरागडला शाळेत शिक्षिका होत्या. घराण्यात लग्न कोणाचंही असो, मंगलाष्टकं म्हणायची इंदुताईंनीच. गळा गोड, पण त्यांचं मंगलाष्टक आठ कडव्यांवर कधीच थांबायचं नाही. गणपतीपासून सुरू व्हायचं, सगळ्या नद्या घ्यायचं, मग वराचे काका, वधूच्या मावश्या, आचारी, मांडववाला. आदल्या वर्षी एका पुतण्याच्या लग्नात त्या नवव्या कडव्यात असताना भैयाजींनी माईकचा खटका खाली ओढला. म्हणे मुहूर्त टळत होता, भात गार होत होता. इंदुताईंचं तोंड हलत राहिलं आणि आवाज नाहीसा झाला. चारशे माणसं हसली.

“भैया,” त्या तिथेच म्हणाल्या होत्या, “आता तुह्या मांडवात मी पाय नाई ठेवत.”

आणि आता मांडव पडणार होता तो भैयाजींच्याच दारात.

रंजीता पत्रिका घेऊन एसटीने भामरागडला निघाली, मी तिच्या गळ्यात. वाटभर जंगल होतं. तिने मला बंद करून खिडकीबाहेर बघितलं, याचं मला वाईट वाटलं नाही. मोहाच्या झाडांशी स्पर्धा करावी एवढा मी मोठा नाही.

आत्याने पत्रिका वाचली, डोळ्याला लावली आणि बाजूला ठेवली.

“मी नाई येणार, बेटा. शब्द गेला तं गेला. पावसाळा असता तं बरं झालं असतं. पर्लकोटा नदीले पूर आला, रस्ता बंद हाये, असं सांगता आलं असतं. आता या उन्हाळ्यात लोकायले काय कारण सांगू?”

“आत्या, तुमच्या मंगलाष्टकाशिवाय मी हार नाई घालणार.”

“हट्ट नको करू.”

“तुमी करून राह्यल्या तो काय हाये मंग?”

मग रंजीताने मला गळ्यातून काढलं. माझ्या बुडाशी सुईच्या टोकाएवढं एक भोक आहे, तो माझा कान. एक बटण दाबून धरलं की मी ऐकलेलं साठवतो. “आत्या, तुमी नका येऊ. तुमचा आवाज येऊ द्या. त्याचे पाय कुठी हायेत मांडवात ठेवाले?”

इंदुताई विचारात पडल्या. नियमात बसत होतं. त्या उठल्या, तोंड धुतलं, डोक्यावर पदर घेतला, जणू माझ्या आत बसून कोणी बघणारच होतं, आणि गायला लागल्या.

मी तोपर्यंत फक्त आकिबने भरलेली सिनेमाची गाणी ऐकली होती. असा गळा मी ऐकला नव्हता. अंगणातला कोंबडादेखील पहिली तीन कडवी गप्प होता. चौथ्या कडव्यात मात्र इंदुताईंची नजर कुंपणाकडे गेली आणि त्याच सुरात, ताल न सोडता, त्या म्हणाल्या, “हाड! हाड! वो सुकरी, तुही शेळी माहं लुगडं खाऊन राह्यली वो!” शेजारची सुकरी धावत आली, शेळी गेली आणि कडवं पुढे सुरू झालं. मला ऐकण्याचं काम दिलं होतं, निवडण्याचं नाही. मी सगळं साठवलं.

गाणं संपलं. “पाहू बरं, माहा आवाज कसा वाटते,” इंदुताई उत्सुकतेने म्हणाल्या. पण तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला आणि रंजीताला पळावं लागलं.

इथे माझा स्वभाव सांगतो. इतरांची गाणी मी एमपीथ्रीत वाजवतो, पण स्वतः ऐकलेलं मात्र एसीटी नावाच्या फॉरमॅटमध्ये लिहून ठेवतो. हे अक्षर जगात मी आणि माझे भाऊबंद सोडून कोणाला वाचता येत नाही. का? ते चीनमधल्या कारखान्याला विचारा.

रंजीताने आकिबला विचारलं होतं, “लाऊडस्पीकरवर वाजन ना हे?” आकिब दुसऱ्या कोणाचा मोबाईल उघडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, “वाजन ना ताई. मुखरूच्या मशीनले लावून दे. टेन्शन नको घेऊ.”

लग्नाचा दिवस आला. डोक्यावर ऊन, अंगणभर हिरव्या कापडाचा मांडव, आणि लोकांच्या हातात तांदूळ. मुखरू म्हणजे आमच्या भागातला लाऊडस्पीकरवाला. त्याने अभिमानाने आपलं नवं डीव्हीडी मशीन पुसलं आणि मला त्याला जोडलं. मी आत डोकावलो. मशीन मोठं होतं, चांदीच्या रंगाचं, रुबाबदार. मी त्याच्यापुढे माझी सगळी गाणी ठेवली. त्याने सिनेमाची गाणी ओळखली. आत्याच्या मंगलाष्टकापाशी आल्यावर ते माझ्याकडे असं बघायला लागलं, जसा मी इतके दिवस अनोळखी गाण्यांकडे बघत आलो होतो.

“दिसतच नाई ना बे,” मुखरू म्हणाला.

आकिब जेवणाच्या पंगतीतून धावत आला. पडद्यावर नजर टाकून त्याने कपाळाला हात लावला. “एसीटी! भैयाजीभाऊ, ही फाईल फक्त याच्यातच चालते. बदलून घ्यायची सीडी होती ना डब्यात, छोटीशी?”

“ते चमकणारी? ते तं हरभऱ्यात टांगली होती. पोपटांसाठी.”

“मंग आणा ना!”

“आता तिच्यातून आरपार दिसते.”

मग माझी वायर काढून थेट लाऊडस्पीकरची वायर माझ्या अंगात खुपसायचा प्रयत्न झाला. तिची पिन जाड, माझं भोक बारीक. मुखरूने जोर लावला तेव्हा मी मनातल्या मनात ओरडलो. शेवटी त्यांनी माझा इअरफोन माईकला चिकटवला. गावभर असा आवाज घुमला, जणू डब्यात डास अडकला आहे आणि तो डबा कोणीतरी विहिरीत सोडला आहे. त्यामागून अशी कर्कश शिट्टी वाजली की म्हातारी माणसं कान धरून खाली बसली.

लग्न लावणारे महाराज घड्याळ बघत होते. “मुहूर्त निघून चालला. मी म्हणतो माझी मंगलाष्टकं.”

“नाई,” रंजीता म्हणाली. तिने हार घेतलेले हात मागे बांधले. “आत्याचंच.”

अंतरपाटाच्या पलीकडे नवरदेव धनराज घामाने निथळत उभा होता. त्याने पाटावरून वाकून विचारलं, “काय झालं वो?”

“थांबा जरा.”

“थांबतो ना. मी कुठी चाललो?” तो म्हणाला आणि पुन्हा सरळ उभा राहिला. मला तो तेव्हाच आवडला.

गाणं माझ्या पोटात होतं, ओठातही होतं. कान फक्त दोन मिळत होते आणि मांडवात माणसं होती पाचशे. इतकं लाचार मला कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा रंजीताने मला उचललं आणि वडिलांपुढे धरलं. “बाबा, तुमी ऐका आणि माईकमध्ये म्हणा.”

“मी? माहा गळा तुले माहीत हाये ना?”

“ज्यानं बंद केलं, त्यानंच चालू करावं.”

भैयाजींनी आजूबाजूला पाहिलं. मग मुकाट्याने एक इअरफोन कानात खोचला, माईक हातात घेतला आणि खटका वर केला. मी सुरू झालो.

गणपतीचं कडवं निघालं. माझ्या आत इंदुताईंचा तो गळा, आणि बाहेर भैयाजी. लोकांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग ओठ चावले, पण कडव्याच्या शेवटी “सावधान” आलं तशा अक्षता पडल्या. दुसरं झालं, तिसरं झालं. भैयाजींचे डोळे मिटलेले होते. कानात पडेल ते तोंडातून जाऊ द्यायचं, एवढंच त्यांनी धरलं होतं. त्यामुळे चौथ्या कडव्यात, डोळे न उघडता, पूर्ण भक्तिभावाने, त्यांनी पाचशे माणसांपुढे आळवलं:

“हाड! हाड! वो सुकरी, तुही शेळी माहं लुगडं खाऊन राह्यली वो… शुभमंगल सावधान!”

लोकांनी अक्षता टाकल्या. टाकून झाल्यावर त्यांना कळलं. महाराज उपरण्यात तोंड लपवून वळले. धनराजचा फेटा हलताना अंतरपाटाच्या वर दिसत होता.

भैयाजी लाल झाले, पण थांबले नाहीत. आणि मग ते कडवं आलं.

“भैयाजी दिसतो भला…” त्यांनी म्हटलं आणि छाती फुगवली. बहिणीने आठवण ठेवली होती! “…पण तया…” इथे त्यांचा आवाज अडला. पुढचं त्यांच्या कानात पोचलं होतं. ते काय होतं ते मांडवात त्यांना, रंजीताला आणि मलाच माहीत होतं. माईक त्यांच्याच हातात होता, अंगठा खटक्यावर होता.

“पण काय, भैयाजी? पण काय?” मागून कोणी ओरडलं.

त्यांनी लेकीकडे बघितलं. मग मान खाली घालून माझं बटण दाबलं, मला जरा मागे नेलं आणि ते कडवं पहिल्यापासून, सबंध म्हटलं:

“भैयाजी दिसतो भला, पण तया बोटांत खोडी फुका,
गाता मी बटणास हात धरितो, माईक होतो मुका,
आहे बंधु तरी लहान म्हणुनी देते क्षमा मी तया,
रंजीता धनराज नांदत सुखी, कुर्यात् सदा मंगलम्!”

हसू सुरू झालं होतं, पण तिसऱ्या ओळीला ते विरलं. भैयाजींचा आवाज फुटला होता. आधीच सूर नव्हता, आता शब्दही ओले झाले.

तेवढ्यात रस्त्याकडून हाक आली. “बंद कर रे भैया! चाल चुकवून राह्यला माही!”

छत्री घेतलेल्या इंदुताई येत होत्या. त्या सकाळच्याच गाडीने आल्या होत्या आणि फाट्यावरच्या चिंचेखाली बसून होत्या. मांडवात यायचं नव्हतं, पण आपला आवाज लाऊडस्पीकरवर कसा वाटतो ते लांबून ऐकायचं होतं. ऐकायला मिळाले भैयाजी. रागावर त्यांनी ताबा ठेवला असता, पण आपल्या चालीची ही दशा सहन होईना.

मांडवाच्या काठावर येऊन त्यांचे पाय थांबले. “आत नाई येत मी. शब्द दिला हाये.”

मुखरू खांबावर चढला, त्या बाजूच्या सुतळ्या सोडल्या आणि हिरवं कापड गुंडाळून मागे ओढलं. लोकांच्या डोक्यावर एकदम ऊन आलं. “बाई, पाहा वर. आता कुठी हाये मांडव?”

इंदुताईंनी वर बघितलं. निळं आभाळ होतं. त्यांनी छत्री मिटली आणि पाऊल आत टाकलं.

भैयाजींनी माईक त्यांच्यापुढे धरला. अंगठा अजून खटक्यावरच होता. इंदुताई त्या अंगठ्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि सगळा मांडवही. भैयाजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला आणि तो अंगठा धोतराच्या सोग्यात गुंडाळून ठेवला.

“म्हण, बाई. कितीही म्हण.”

हे त्यांनी बोलायला नको होतं. इंदुताईंनी राहिलेली सगळी कडवी म्हटली आणि काही तिथल्या तिथे रचली. एक आकिबवर, एक मुखरूवर. अक्षता संपल्या, लोक जमिनीवरच्या वेचून पुन्हा टाकू लागले. भैयाजी माझा इअरफोन काढायला विसरले होते. एका कानात साठवलेली बहीण, दुसऱ्या कानात खरी, आणि दोघी वेगवेगळ्या कडव्यात. “दोन्हीकडून बाईच,” ते नंतर सांगायचे. “पळाले जागाच नव्हती.”

त्यानंतर भैयाजींचं नाव झालं. लग्नाच्या व्हिडिओतला तो तुकडा मोबाईलवरून मोबाईलवर गेला आणि आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणी येऊ लागली. शेळीवालं मंगलाष्टक म्हणा, असा लोकांचा आग्रह. ते म्हणतात आणि इंदुताई बाजूला बसून त्यांच्या चुका काढतात.

मी रंजीतासोबत सासरी, गडचिरोलीला आलो. वर्षभर वाजलो. मग गाण्याचे मोबाईल आले. ते कोणतंही गाणं वाजवायचे, वर बोलायचेही. मी बटणं आणि सुया असलेल्या डब्यात गेलो. माझ्यातला सेल गळला, स्प्रिंग हिरवी झाली. मी तक्रार करत नाही. सुया बऱ्या असतात स्वभावाला, फक्त जवळ बसू नये.

परवा, म्हणजे २००९च्या दिवाळीत, सगळे रंजीताकडे जमले होते. फराळाला बसल्यावर रंजीताला मी सापडलो. तिने स्प्रिंग खरवडली, टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढून माझ्यात घातला. धनराज “अरे, बातम्या!” म्हणेपर्यंत माझा पडदा उजळला होता. अर्धाच, पण उजळला. तिने काही न बोलता इअरफोन आत्याच्या कानात घातला.

मी माझ्याकडे होती नव्हती ती सगळी ताकद लावली. पहिला आलाप निघाला, गणपतीची ओळ अर्धी झाली आणि सेल संपला.

इंदुताईंनी इअरफोन काढला. चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि मोठ्याने विचारलं, “कोण बाई हाये वो ही? गळा बरा हाये तिचा.” थोडा विचार करून त्या म्हणाल्या, “पण लांबवते लय.”

भैयाजींच्या तोंडात लाडू होता. त्यांचे डोळे बाहेर आले, खांदे गदगदू लागले. रंजीताने त्यांचा हात घट्ट दाबून धरला.

तो गळा कोणाचा, ते इंदुताईंना अजून कळलेलं नाही. मी आता पुन्हा डब्यात आहे, रिमोटमध्ये नवा सेल आला, आणि मी काही सांगणार नाही. कधी गडचिरोलीला आलात आणि इंदुताई भेटल्या, तर कृपा करून तुम्हीही सांगू नका.